बाबांना मासे धरायला शिकवणारी बाई

बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख तीन आठवड्यांनी होती. तेवढ्यात भंडाऱ्याला जाऊन परत यायचं म्हणजे नुसती दगदग, म्हणून ते आमच्याकडे बावधनलाच राहिले. नवा डोळा एकदम लख्ख झाला होता आणि त्या डोळ्याला बघायला काही नव्हतं. सकाळी ते गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीवर रंग देणारी माणसं बघायचे. दुपारी ती माणसं जेवायला गेली की बाबाही आत येऊन पडायचे.

एका रविवारी आम्ही त्यांना खडकवासल्याला नेलं. कणसं, भजी, गाड्यांची रांग, यातल्या कशातच त्यांचं लक्ष नव्हतं. पाण्याच्या कडेला एक गृहस्थ छानशी परदेशी काठी लावून मासे पकडत बसले होते. बाबा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले ते जवळजवळ तासभर. शेवटी ते गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "आजोबा, मासा लागला की कळवतो. तोवर बसून घ्या कुठेतरी."

बाबा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "याच्या गराले मासाच नाई लागनार. पानी कुठं खोल हाय तेच त्याले माहीत नाई."

माझे बाबा ढिवर आहेत. चाळीस वर्षं त्यांनी वैनगंगेत डोंगा चालवला, जाळी टाकली, गळ लावले. हे वाक्य आज मी सहज लिहिते आहे. पण पुण्यात आल्यापासून चौदा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात आईने दिलेला सुकट मासळीचा डबा उघडला, तेव्हा खोलीतल्या दोघी नाक धरून बाहेर गेल्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?" मी म्हटलं, "शेती." आमच्या धानाच्या दोन बांध्या होत्या, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. मग तेच उत्तर कॉलेजात चाललं, पहिल्या नोकरीत चाललं, दुसऱ्या नोकरीतही चाललं. खरं माहीत होतं ते फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना.

त्या खडकवासल्याच्या रविवारनंतर नवऱ्यानेच कुठून तरी नंबर शोधून आणला. सावित्री नदीच्या खाडीत एक बाई होडीतून लोकांना मासे पकडायला नेतात. थंडीत शिंगाळे चांगले मिळतात, जुजबी सामान त्यांचंच असतं, नवख्यांनाही शिकवतात. मी ऑफिसमधूनच त्यांना फोन लावला.

"किती जण?" बाईंनी विचारलं.

"मी आणि माझे वडील."

"बाबांनी आधी कधी गरवलंय का? म्हणजे गळाने मासे धरलेत?"

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी त्याच वेळी खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत होता. "नाही हो," मी म्हटलं. "ते शेतकरी आहेत. नुसती हौस."

फोन ठेवल्यावर तोंड कडू झालं. पण पुन्हा फोन करून सांगण्याइतकं ते मोठं वाटलं नाही, आणि बाबांना तर मी काहीच बोलले नाही.

पाण्याची वेळ साधायची तर शनिवारीच यावं लागेल, असं बाईंचं म्हणणं होतं. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. नवऱ्याचा उपवास, त्यामुळे तो घरीच राहणार होता. पहाटे थर्मास भरून देताना तो म्हणाला, "संकष्टीला मासे मारायला निघालेलं हे कोथरूड-बावधन भागातलं पहिलंच कुटुंब असावं. नोंद व्हायला हवी."

"जावई, तुमच्यासाठी आनू का एखादा?" बाबांनी विचारलं.

"आणा. आज तोही फ्रिजमध्ये उपवास करेल, उद्या बघू."

मुळशीच्या पुढे ताम्हिणी घाटात इतकं गार होतं की बाबा कानटोपीवरून मफलर गुंडाळून बसले होते. धुकं उतरलं तसे ते बोलायला लागले. कुठलं झाड, कुठला ओढा, पाणी कुणीकडे जातं. पण आपण जिथे जातोय तिथल्या बाईबद्दल ऐकल्यावर मात्र त्यांनी कानावरचा मफलर बाजूला केला. म्हणाले, "मासे धरायले मास्तरीन?"

"तिथलं पाणी वेगळं असतं, बाबा."

"पानी पानीच असते."

साडेनवाला आम्ही धक्क्यावर पोहोचलो. धक्का म्हणजे दगडी चार पायऱ्या आणि त्याखाली चिखल. नदी एवढी मोठी, पण पाणी पार मधोमध गेलेलं आणि दोन्ही काठांना चकचकीत काळा गाळ उघडा पडलेला. बाई पन्नाशीच्या असाव्यात. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, पायात काही नाही. त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना होडीत घेतलं, फळीवर बसवलं आणि बजावलं, "बाबा, मधेच उभं राहायचं नाही हां. होडी हलते. भीती वाटली तर मला सांगा."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चिखलाकडे पाहत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं, आणि दहा मिनिटांत आम्ही कांदळवनाच्या एका वळणाशी थांबलो. बाईंनी दगड बांधलेली दोरी टाकून होडी धरून ठेवली आणि शिकवायला बसल्या. त्या मनापासून शिकवत होत्या, तेच मला जास्त लागत होतं.

"हा गळ. याच्या टोकाला हात नका लावू, टोचतो. हे शिसं, वजनासाठी. आता ही कोलंबी अशी शेपटीकडून ओवायची. करून बघा."

बाबांनी गळ असा धरला, जणू जन्मात पहिल्यांदा बघतायत. कोलंबी ओवताना ती एकदा खाली पाडली. पुन्हा उचलली आणि उलटीच ओवली.

"असं का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, शेपटीकडून. घाई नको. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

"जमन का मले या वयात?"

"का नाही जमणार? पुण्याच्या लोकांना जमतं की."

बाबा माझ्यावर चिडले आहेत की गंमत करतायत, काही कळेना. त्यांचा चेहरा पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा सभ्य आणि कोरा होता.

मग पाणी फिरलं. मी आधी काही पाहिलंच नाही. बाबांनी पाहिलं. पाण्यावरून एक वाळलेली काटकी समुद्राकडे चालली होती. ती थांबली. थोडा वेळ जागच्या जागी डुलली, आणि मग सावकाश वर, डोंगरांच्या दिशेने निघाली. बाबा फळीवरून अर्धे उठले.

"नदी उलटी चालली!"

"बसा, बाबा, बसा. भरती लागली."

"पन उलटी कायले चालली? वरून पानी येते ना?"

इथे त्यांचं नाटक संपलं. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाईंनी समजावून सांगितलं. खाली समुद्र चढतो, तो नदीचं पाणी मागे रेटतो. सहा तास वर, सहा तास खाली. तिथी बघितली की वेळ कळते. बाबांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग एकामागून एक प्रश्न. मासा पाण्याबरोबर येतो का? परत जातो का? गोड्या पाण्यातला मासा मग कुठे जातो? पाणी थांबतं तेव्हा तो खातो का?

"पाणी थांबलं की तोही थांबतो," बाई म्हणाल्या. "पाणी चालायला लागलं की खायला निघतो."

"आमच्याकडं उलटं हाय," बाबा बोलून गेले. मग सावरून म्हणाले, "म्हनतेत लोक."

त्यांनी काठी नको, नुसती दोरी द्या म्हटलं. बाईंनी दिली. गळ पाण्यात गेला, दोरी बोटावर आली आणि आम्ही वाट बघत बसलो. ऊन पाठीवर चांगलं लागायला लागलं होतं. पलीकडे चिखलात बगळे उभे होते. त्यांच्या पायांशी पाणी हळूहळू चढत होतं.

बाबांचं बोट थोडंसं हललं. दोरीला हलका झटका बसला असणार.

"ओढा, बाबा! ओढा!" बाई ओरडल्या.

बाबांनी ओढलं नाही. मान किंचित तिरकी करून ते थांबले, जणू फोनवर पलीकडचं नीट ऐकू येत नाहीये. पुन्हा बोट हललं, तरी ते थांबले. मग मनगट एकदाच वर गेलं आणि दोरी ताणली गेली. हातावर हात टाकत त्यांनी दोरी आत घेतली. नजर पाण्यावर होती आणि दोरी मात्र त्यांच्या पायाशी एकावर एक गोल, नीट घड्या पडाव्यात तशी पडत होती.

शिंगाळा वर आला. हातभर लांब, पाठ करडी, पोट पांढरं, तोंडाला मिशा. होडीत पडताच तो कुर्र कुर्र आवाज करायला लागला. मासा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. बाई पक्कड शोधायला वाकल्या. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना, आणि ते विषारी असतात, हे त्यांनी आम्हाला आधी दोनदा सांगितलं होतं. त्या पक्कड घेऊन वळेपर्यंत बाबांनी पोटाखालून हात सरकवला होता, दोन बोटं बाजूच्या काट्यांच्या मागे अडकवली होती आणि दुसऱ्या हाताने गळ अर्धा फिरवून काढलाही होता.

बाईंनी दोरीच्या घड्यांकडे पाहिलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"शेतात शिंगाळे पिकतात काय हो तुमच्याकडे?"

बाबा शांतपणे म्हणाले, "माही पोरगी सांगते मी शेतकरी हाय. तिले जास्त माहीत. शिकेल हाय ते."

मासा टोपलीत कुरकुरत होता. मला वाटलं होतं की खरं सांगणारं वाक्य तोंडातून निघायला खूप जोर लागेल. तसं काही झालं नाही.

"माझे बाबा ढिवर आहेत," मी म्हटलं. "चाळीस वर्षं नदीत मासेमारी केली त्यांनी. फोनवर मी खोटं बोलले. शेजारी ऑफिसमधला माणूस बसला होता."

बाई कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "अगं बाई! आणि मी मघापासून यांना गळ कसा धरायचा ते शिकवतेय!"

"चांगलं शिकवलं तुमी," बाबा म्हणाले. आता तेही हसत होते. "मले असं कोनी शिकवलंच नव्हतं. माह्या बापानं तं मारून शिकवलं."

मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते मी नुसतं ऐकत होते. बाईंचा नवरा मुंबईत नोकरीला. त्या सासूच्या हाताखाली खाडी शिकल्या, सासूनेच त्यांना होडी चालवायला दिली. गावात आधी नावं ठेवली, मग पाहुणे यायला लागल्यावर तीच माणसं नंबर मागायला आली. बाबांनी होडी बांधायचं लाकूड विचारलं, त्यांनी डोंग्याबद्दल विचारलं. तुमचा मागूर आणि आमचा शिंगाळा यांच्यात चपळ कोण, यावर थोडं भांडणही झालं.

मधेच बाबा माझ्याकडे वळले. "तुनं कधी दोर धरला नाई हातात."

"तुम्ही डोंग्यात बसू कुठे दिलंत? दादाला न्यायचे. मी काठावर टोपली घेऊन."

"हो," ते म्हणाले. दोरी गुंडाळत राहिले. "तू बसली असती तं तुले आवडलं असतं. मंग तू तिथंच राह्यली असती. मले ते नोको होतं."

त्यांनी गळाला नवी कोलंबी लावली, शेपटीकडून, आणि दोरी माझ्या बोटावर ठेवली. "जोरानं नोको धरू. मासा खाते का खेळते, ते कळलं पायजे."

पहिल्यांदा घाई केली, तो गेला. दुसरा कोलंबी खाऊन गेला. तिसऱ्याच्या वेळी बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि "थांब... थांब..." म्हणत राहिले. मग हात उचलला. मी ओढलं. दोरी इतकी जड होईल असं वाटलं नव्हतं. पाण्याखालून कुणी तरी दुसऱ्या दिशेला जायचं ठरवलं आहे आणि ते माझ्या तळहाताला कळतंय. मी ओरडत होते, बाई ओरडत होत्या, बाबा मात्र "हळू, माय, हळू" एवढंच म्हणत होते. शिंगाळा होडीत आला. माझ्या मापाने तो प्रचंड होता. आणि तेवढ्या आनंदात मी त्याला उचलायला गेले.

काटा उजव्या हाताच्या तर्जनीत गेला. रक्त थेंबभरच आलं, पण कळ खांद्यापर्यंत चढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबा घाबरले, बोट धरून त्यावर फुंकर घालायला लागले.

"फुंकर राहू द्या," बाई म्हणाल्या. "थर्मासमध्ये काय आहे?"

"चहा."

त्यांनी झाकणात चहा ओतला, आधी स्वतःचं बोट घालून किती गरम आहे ते पाहिलं आणि मग माझं बोट त्यात बुडवलं. "सोसेल तेवढं गरम हवं. हा विंचवासारखा असतो, पण गरम पाण्याने उतरतो."

गार झालेला चहा खाडीत ओतायचा, नवा घ्यायचा, असं अर्धा तास चाललं. थर्मास रिकामा झाला तेव्हा कळ बरीच उतरली होती. मग नवऱ्याला फोन करून सांगितलं. "आमच्याकडे चहा पितात," तो म्हणाला, "पण ठीक आहे." आणि लगेच काळजीने, "डॉक्टरकडे जायचं का? गाडी चालवता येईल ना? मी येऊ?"

मी नको म्हटलं. बोट जाड झालं होतं, पण वाकत होतं. बाईंनी रस्त्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं, आणि परतताना मी ते घेतलंही.

बाबा माझ्याजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "मी बी सांगत नाई लोकाईले तू काय करते ते."

"का?"

"मले समजतच नाई. विचारलं तं सांगतो, कंपुटर हाय. मंग ते म्हनते, दुकान हाय का? मी म्हनतो, हो."

मी चौदा वर्षं शेतकऱ्याची मुलगी होते आणि मला नोकरी लागल्यापासून ते दुकानदारिणीचे वडील. दुखरं बोट वर धरून मी इतकी हसले की बाईंना वाटलं पुन्हा टोचलं.

दुपारी पाणी काठोकाठ भरलं आणि आम्ही परतलो. सकाळचा चिखल कुठेच नव्हता. पायऱ्यांपैकी वरची एकच दिसत होती. पाच शिंगाळ्यांतले तीन आम्ही घेतले. धक्क्यावरच्या कुंपणावर बाईंचं एक फाटलेलं जाळं वाळत होतं. बाबांनी ते हातात घेतलं, भोकातून मूठ घालून पाहिली.

"हे कोन दुरुस्त करते?"

"कोण करणार? सासू करायची. ती गेल्यापासून पडलंय तसंच."

"मले द्या," बाबा म्हणाले. "मी रिकामाच हाय."

जाळं गाडीच्या डिकीत आलं. त्याच्या वासाने घाटभर खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, थंडीत.

रविवारी बाबांनी स्वतः कालवण केलं, भरपूर तिखट आणि चिंचेचं. नवरा दोनदा वाढून घेऊन म्हणाला, "उपवास सार्थकी लागला." वास सगळ्या मजल्यावर गेला. लिफ्टपाशी भेटलेल्या शेजारच्या काकूंनी "आज काही विशेष?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नाकाला पदर लावला. तरीही मी उत्तर दिलं. "वडिलांनी मासे केलेत. घेऊन येऊ का थोडे?" काकू शाकाहारी निघाल्या, पण काका निघाले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वाटी स्वतः धुऊन आणून दिली.

सोमवारी ऑफिसमध्ये सुजलेलं बोट सगळ्यांत आधी त्या शेजारच्या सहकाऱ्यालाच दिसलं. "अरे, काय झालं?"

"शिंगाळ्याचा काटा. मासे पकडायला गेलो होतो. माझे वडील मासेमार आहेत, वैनगंगेवर."

"वडील? तू तर फार्मिंग म्हणाली होतीस ना?"

"तेही आहे थोडं. पण मुख्य हेच."

"सही आहे यार," तो म्हणाला. मग मासा किती मोठा होता ते विचारलं, फोटो मागितला, आणि त्याची मीटिंग सुरू झाली म्हणून हेडफोन लावून बसला. इतकंच. मी पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. जेवणाच्या सुट्टीत त्याने परत येऊन विचारलं, पुढच्या वेळी त्याला आणि त्याच्या वडिलांना नेता येईल का. त्याचे वडील खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि दिवसभर बातम्या बघतात.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. डॉक्टरांनी आठवडाभर जपायला सांगितलं, तो आठवडा बाबांनी कसाबसा काढला. मग त्यांनी मला नायलॉनचा दोरा आणायला पाठवलं. बुधवार पेठेत तीन दुकानं फिरून त्यांच्या मनासारखी जाडी मिळाली. जाळं विणायची सुई त्यांनी स्वतः बांबूची तासून केली.

आता सकाळी ते गॅलरीत उन्हाला बसतात. समोरचे रंगारी काम थांबवून यांच्याकडे बघतात. त्यातला एक काल हात करून गेला. बाईंचा फोन दर दोन-तीन दिवसांनी येतो. जाळं कुठवर आलं हा विषय एका मिनिटात संपतो आणि मग अर्धा तास दोघं इतरच बोलतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाणी चांगलं आहे, असं त्यांनी कळवलं आहे. या वेळी आम्ही पाच जण आहोत, सहकारी, त्याचे वडील आणि नवरा धरून. त्याने आधीच कॅलेंडर बघून ठेवलं आहे.

काल सुट्टी होती, म्हणून मी चहा घेऊन बाबांशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी काही न विचारता सुई माझ्या हातात दिली आणि एक गाठ दाखवली. मी मारली. त्यांनी ती ओढून पाहिली, ती सरकली. नखाने सोडवून त्यांनी दोरा परत माझ्या हातात दिला.

"पुन्हा," ते म्हणाले.

सहावी गाठ बसली.